भावकीत कोण, सोयऱ्यांत कोण? नात्यांच्या मराठी शब्दांचा हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बसमध्ये रेंज नाही किंवा हेडफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तेच आहे.

आजची सुरुवात एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून. आमच्या घरच्या ग्रुपचं नाव आहे ‘भावकी’. त्यात त्रेचाळीस जण आहेत. वडील, तीन चुलते, चुलत आजोबांची सगळी पोरं, त्यांची पोरं, दुबईला असलेला एक चुलतभाऊ आणि ज्याच्याशी आमचं नेमकं नातं काय हे कुणालाच सांगता येत नाही असे एक ‘तात्या’. सकाळी गुड मॉर्निंग, संध्याकाळी कांद्याचा भाव, आणि मधेच कुणाचं तरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्या ग्रुपवर एक मेसेज आला. ‘वाटणीचं काम मार्गी लावायचं आहे. सगळ्यांच्या सह्या लागतील. आत्याची पण हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आहे.’

मी सहज मेंबर्सची लिस्ट उघडली. त्रेचाळीस नावं. आत्या त्यात नव्हती. तिला कुणी काढलं नव्हतं. तिला कधी घेतलंच नव्हतं, आणि ते कुणाला खटकलंही नव्हतं. मलासुद्धा नाही. मी तर त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन होतो.

ज्या बाईच्या सहीशिवाय जमीन वाटता येत नाही, ती बाई ‘भावकी’ या शब्दात बसत नाही. हे कसं झालं, ते शोधायला मी बसलो आणि तीनशे-चारशे वर्षं मागे गेलो. आजचा एपिसोड त्याचाच आहे.

ड्रॉपडाउनमध्ये न मावणारी माणसं

आधी माझ्या कामाच्या जागेवरचं उदाहरण देतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एकदा एका फॉर्मसाठी ‘रिलेशन’ नावाचा ड्रॉपडाउन करायचा होता. फादर, मदर, स्पाउस, सन, डॉटर, ब्रदर, सिस्टर, अंकल, आंट, कझिन, अदर. झालं काम. अकरा पर्याय.

आता हेच मराठीत करून बघा. काका वेगळा, मामा वेगळा. काकू वेगळी, मामी वेगळी, मावशी वेगळी, आत्या वेगळी. चुलत, आते, मामे, मावस असे चार प्रकारचे भाऊ. नवऱ्याचा भाऊ दीर, बहीण नणंद, भावाची बायको जाऊ. बायकोचा भाऊ मेहुणा, बायकोच्या बहिणीचा नवरा साडू. मुलीचे सासरे हे आपले व्याही आणि त्यांच्या बायको विहीणबाई. व्याह्यांना इंग्रजीत सरळ शब्दच नाही.

आपल्याला वाटतं, वा, किती प्रेमळ भाषा! प्रत्येक माणसाला वेगळा शब्द. मलाही आधी तसंच वाटायचं. पण डेटाबेस डिझाइन करणाऱ्याला एक गोष्ट चटकन कळते. वेगळा कॉलम कुणी हौसेखातर करत नाही. त्या माहितीवरून पुढे काहीतरी ठरणार असतं, म्हणून करतो. मग काका आणि मामा यांना वेगळे कॉलम का? कारण काकाचा जमिनीत वाटा असतो, मामाचा नसतो. काकाच्या घरी कुणी गेलं तर तुम्हाला दहा दिवसांचं सुतक, मामाकडचं तेवढं नाही. काकाच्या मुलीशी लग्नाचा विचारही होत नाही, मामाच्या मुलीशी अनेक समाजांत होत आलंय.

वाटा, विटाळ आणि विवाह. आपले नात्याचे शब्द या तीन गोष्टींचा हिशोब ठेवतात. माया त्यात असतेच, पण हिशोबाला धरून.

‘-की’ हा प्रत्यय

आता ‘भावकी’ शब्दाकडे बघू. भावकी म्हणजे एका मूळ पुरुषापासून निघालेली, बापाकडून जोडलेली घरं. गावात गेलात की ‘ही सगळी एका भावकीची घरं’ असं दाखवतात. त्याच अर्थाचा जुना शब्द भाऊबंद. भाऊ अधिक बंधू, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली.

गंमत त्या शेवटच्या ‘-की’मध्ये आहे. माणुसकी, आपुलकी यांतही तो ‘-की’ आहे आणि तिथे तो गुण सांगतो. पण पाटीलकी या शब्दातही तोच ‘-की’ आहे, आणि तिथे तो हक्क सांगतो. पाटीलकी म्हणजे गावच्या पाटलाचं वतन. वंशपरंपरेनं मिळणारा अधिकार, त्यासोबत इनाम जमीन, आणि त्यासोबत मानपान. वतन बापाकडून मुलांकडे जायचं. चार मुलं असली तर? चौघांचे वाटे. त्या वाट्याला जुन्या कागदांत ‘तक्षीम’ असा शब्द येतो.

पण मान कसा वाटणार? जमीन चार तुकड्यांत कापता येते. होळीला पहिली पोळी कुणाची, पोळ्याला कुणाचा बैल पुढे, शिक्का कुणाच्या हातात, हे तुकडे करता येत नाहीत. मग ‘वडीलपण’ कुणाचं यावर भांडणं. मराठेशाहीच्या काळातल्या निवाड्यांचे कागद काढलेत तर अशी भांडणं ढिगानं सापडतात. एकाच घरातले दोन भाऊ, नाहीतर एकाच खापरपणजोबाचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या फक्त एवढ्यावर भांडतायत की थोरलं घर कुठलं आणि धाकटं कुठलं.

म्हणून ‘भाऊबंदकी’ शब्दाचा अर्थ आज ‘भावाभावांतलं भांडण’ असाच लागतो. शब्दशः बघितलं तर त्याचा अर्थ फक्त ‘भाऊबंद असणं’ एवढा आहे. म्हणजे नातं आणि त्या नात्यातली मारामारी, दोन्हीला आपण एकच शब्द ठेवला. मराठी माणसाला हे इतकं उघड वाटलं की दुसरा शब्द काढायची गरजच पडली नाही.

वारणा हा बांध

हे फक्त गावपातळीवर होत होतं असं नाही. राज्यं सुद्धा अशीच वाटली गेली. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला. साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी हे सख्खे चुलतभाऊ. एक शिवाजी महाराजांच्या थोरल्या मुलाचा मुलगा, दुसरा धाकट्या मुलाचा मुलगा. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर ठरलं काय, तर वारणा नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा. आपल्या रानात जसा दोन भावांच्या मध्ये बांध असतो, तशी इथे नदी. फक्त एकरांच्या जागी तालुके होते.

त्याहून मजेशीर उदाहरण माळव्यात आहे. आजच्या मध्य प्रदेशातलं देवास. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन मराठा भावांना देवास मिळालं. पुढे त्याची दोन संस्थानं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन्हींची राजधानी एकच गाव! दोन महाराज, दोन दरबार, एक शहर. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून तिथे राहिला होता आणि त्यावर त्यानं पुढे पुस्तकही लिहिलं. ही दोन्ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत वेगळीच राहिली. आमच्या गावात एका वाड्यात मधोमध भिंत घालून दोन चुली झाल्यात, तेव्हा मला हे अजिबात विचित्र वाटलं नाही.

आणि मग तो प्रसंग, जो शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलाय. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून. आरोप कुणावर? काकावर, म्हणजे रघुनाथरावांवर. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी धरलं. याच विषयावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये नाटक लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘भाऊबंदकी’. दुसरं नाव शोभलंच नसतं.

पण मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. रघुनाथरावांच्या विरोधात जे कारभारी एकत्र आले, नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके वगैरे, त्यांच्या गटाला इतिहासात काय म्हणतात? बारभाई. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव जन्मला आणि त्या तान्ह्या बाळाच्या नावानं या बारभाईंनी राज्य चालवलं. म्हणजे बघा, रक्ताचा काका गादीच्या मागे लागला, आणि पोराच्या मागे उभे राहिले ते ‘भाई’ म्हणवणारे, ज्यांचं आपसात भावाचं नातंच नव्हतं. त्यातल्या त्रिंबकरावांना तर लोक ‘मामा’ म्हणायचे.

गोत म्हणजे नुसते नातेवाईक नव्हेत

आता दुसरा शब्द. गोत. ‘गणगोत’, ‘गोतावळा’ यातला गोत. मूळ संस्कृत गोत्र. आपण आज गोतावळा म्हणतो तेव्हा लग्नात जमलेले दीडशे नातेवाईक डोळ्यापुढे येतात. पण सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठी कागदात ‘गोत’ आला की त्याचा अर्थ बऱ्याचदा सगळं गाव असा असतो.

त्या काळी वतनाचा किंवा जमिनीचा वाद झाला तर तो ‘गोतसभे’पुढे जायचा. या गोतसभेत बसायचं कोण? पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेतकरी, आणि बलुतेदार. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, चांभार, महार. निवाडा झाला की त्याचा कागद व्हायचा, त्याला महजर म्हणत. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते आपल्या धंद्याची खूण काढायचे. शेतकऱ्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, अशा निशाण्या. कागदाच्या तळाशी ही चित्रं रांगेनं. मी पहिल्यांदा त्यांचा फोटो पाहिला तेव्हा मला इमोजींची रांग वाटली. मग लक्षात आलं, या सह्या आहेत.

या न्यायपद्धतीवर वि. त्र्यं. गुणे यांचा मोठा अभ्यास १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं छापला. आणि त्याच वर्षी, त्याच डेक्कन कॉलेजनं इरावती कर्व्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं प्रसिद्ध पुस्तक छापलं. एकात गोताचा न्याय, दुसऱ्यात नात्यांची वीण. मला तर वाटतं दोन्ही एकत्रच वाचायला हवीत.

गोतसभेचं तत्त्व साधं होतं. तुमच्या बांधाची खरी हद्द कोणाला माहीत? तुमच्या शेजाऱ्याला. तुमचा आजोबा खरंच पाटील होता का, हे कोण सांगणार? ज्याच्या बापानं त्याची हजामत केली तो. म्हणून साक्षीला सगळं गाव. आणि अख्खं गाव साक्षीला बसतं म्हणून ते सगळं गाव ‘गोत’.

ऐकायला फार छान वाटतं ना? थांबा. याच गोतात महाराची साक्ष हद्दीच्या वादात महत्त्वाची धरली जायची, कारण गावाच्या शिवेची माहिती त्याच्याकडे असायची. पण राहायला तो गावकुसाबाहेर. साक्षीपुरता आत, बाकी सगळ्याला बाहेर. त्याच्या कामाचा मोबदला म्हणून दिलेलं महार वतन हा पुढे जन्माचा पायबंद झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं ते याच कारणानं. बलुतेदारी म्हणजे सगळे गुण्यागोविंदानं राहायचे, असं चित्र आपल्याला कुणी दाखवलं की एवढं एक वर्ष आठवायचं.

आणि गोताकडे सगळ्यात मोठं हत्यार होतं ते म्हणजे बाहेर काढणं. वाळीत टाकणं. त्याच्याशी रोटी नाही, बेटी नाही, विहिरीवर पाणी नाही. त्या काळच्या माणसाला फाशीपेक्षा हे भारी पडत असेल. आणि हे फक्त त्या काळचं नाही. जातपंचायतींनी कुटुंबं वाळीत टाकण्याचे प्रकार इतके होत होते की महाराष्ट्र विधिमंडळानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण घरभेद्या माणसासाठी वापरतो. कुऱ्हाडीचं पातं लोखंडाचं असतं, पण दांडा लाकडाचा, म्हणून झाडाचा जीव झाडाच्याच नातलगामुळे जातो. म्हणीत गोताला धोका आपल्यातल्या एकाकडून आहे. मला मात्र उलटंही दिसतं. कितीतरी वेळा गोतच एकाला काळ झालंय.

आत्याबाईला मिशा असत्या तर

आता येऊ लग्नाकडे आणि आत्याकडे.

‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.’ सगळ्यांना माहितेय ही म्हण. आपण ती ‘जर-तर’च्या गप्पा बंद करायला वापरतो. पण जरा नीट ऐका. आत्या आणि काका एकाच आईबापाची मुलं. फरक फक्त मिशांचा. आणि त्या मिशांवर सगळा सात-बारा ठरतो!

‘आत्या’ हा शब्द कन्नड-तेलुगूतल्या ‘अत्ते’, ‘अत्त’च्या घरचा आहे. त्या भाषांत तोच शब्द आत्यालाही आणि सासूलाही चालतो. अक्का, अण्णा हेही तिकडचेच पाहुणे. हे शब्द आपल्याकडे एकटे आले नाहीत, लग्नाची पद्धत घेऊन आले. जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ का म्हणायची? कारण अनेक समाजांत आत्या आपल्या भावाची मुलगी सून म्हणून आणायची. ती पोर लग्नाआधीही तिला आत्याच म्हणत होती.

इरावती कर्व्यांनी दाखवलं की उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न टाळतात, दक्षिणेत ते पसंत करतात, आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे आहे. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी नको म्हणतात. म्हणजे ज्या घरी आपली लेक दिली, त्या घरी पुढची लेक द्यायची, पण त्या घरची लेक उलट आणायची नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यात येतं. पण दोघांच्याही समाजात तशी रूढी असेल तर चालतं, अशी सवलत त्याच कायद्यात ठेवली आहे.

लग्नानं जोडलेल्या या माणसांना आपण म्हणतो सोयरे. भाऊबंद जन्मानं मिळतात, सोयरे करावे लागतात. ‘सोयरीक जमली’ म्हणतो आपण, ‘भावकी जमली’ असं कुणी म्हणत नाही. तुकोबांनी झाडावेलींना आपले सोयरे म्हटलं. भाऊबंद म्हटलं नाही. हा माझा अंदाज आहे, अभ्यासकांनी माफ करावं, पण देहूच्या वाण्याला दोन्ही शब्दांचं वजन नीट माहीत असणार. झाडं वाटा मागत नाहीत.

आणि हा शब्द किती जड होऊ शकतो ते आपण हल्लीच पाहिलं. २६ जानेवारी २०२४ ला राज्य सरकारनं कुणबी दाखल्यांच्या संदर्भात एक मसुदा काढला आणि त्यात ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या केली. अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत सजातीय विवाहांतून जुळलेली नाती, असा त्याचा साधारण आशय. त्यावर आंदोलनं झाली, विरोध झाला, हरकती आल्या. कोण बरोबर हा आजचा विषय नाही. मला एवढंच दाखवायचंय की आजी पत्रिका वाटताना जो शब्द वापरायची, त्याच्या व्याख्येवर लाखो लोक रस्त्यावर बसले. सगे म्हणजे रक्ताचे आणि सोयरे म्हणजे लग्नाचे. दोन्ही एका दाखल्यासाठी चालतील का, हा प्रश्न होता. कोण आत, कोण बाहेर. पुन्हा तेच.

तीन दिवस आणि दहा दिवस

आता आमच्या घरी परत येतो.

दोन वर्षांपूर्वी माझी आजी गेली. भावकीला दहा दिवसांचं सुतक. म्हणजे ज्या चुलत-चुलत काकांनी पाच वर्षांत तिचं तोंड पाहिलं नव्हतं, ज्यांच्याशी बांधावरून आमची बोलचाल बंद होती, त्यांनाही दहा दिवस. त्यांच्याही घरी देव पाण्यात, गोड बंद. आणि आत्याला? जिनं शेवटचे चार महिने आजीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, हातानं भरवलं, तिला तीन दिवस. कारण लग्न झालेली मुलगी. ती सासरच्या भावकीची.

तेव्हा मी यावर काही विचार केला नाही. उलट मला बरं वाटलं होतं की या निमित्तानं अबोला धरलेली माणसं एका सतरंजीवर बसली. ते खरंच झालं, आणि ते चांगलंच होतं. भावकीची ती ताकद मी नाकारत नाही. मयताला खांदा द्यायला रात्री दोन वाजता पंधरा माणसं धावत येतात, त्यांना फोन करावा लागत नाही. शहरात माझ्या मजल्यावरच्या तीन फ्लॅटची नावं मला माहीत नाहीत.

पण कायदा तीन दिवस आणि दहा दिवस असं मोजत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी ही मुलाच्या बरोबरीनं बापाची वारस झाली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तिला जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केली, केंद्रानं २००५ मध्ये. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ ला बाप हयात होता की नव्हता यानं फरक पडत नाही, हक्क जन्मानंच आहे. म्हणून आमच्या सात-बारावर वारस नोंदीनं आत्याचं नाव आलं. गाव नमुना सातमध्ये तिचं नाव वडिलांच्या नावाखालीच आहे, त्याच अक्षरांत. सरकारी सर्व्हरच्या दृष्टीनं ती भावकीत आहे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या दृष्टीनं नाही.

मग हक्कसोडपत्र. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी हे झालं असेल. बहीण दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाते, अंगठा देते, फोटो काढते, बाहेर येऊन सगळे मिळून चहा पितात. तिला साडी-चोळी होते. कुणी जबरदस्ती केलेली नसते. ‘आमच्या आत्यानं स्वखुशीनं दिलं’ असं सगळीकडे सांगतात.

मी आत्याला फोन केला. म्हटलं, तुला काय वाटतं ते सांग, मी बाबांशी बोलतो. ती आधी हसली. मग म्हणाली, “आरं, सही नाय केली तर म्हायेर जातंय. आन्‌ केली तर साडीचोळीपुरतं उरतंय. तुज्या आज्ज्यानं बी त्येच्या भनीची घेतल्याली. मी बघिटलीया.”

मला पुढे काय बोलावं कळेना. मी इतके दिवस निवाडे, तह, महजर वाचत होतो आणि ज्या वादाचा कागदच झाला नाही तो वाद फोनवर होता. वडीलपणासाठी भांडणाऱ्या भावांचे कागद ढिगानं सापडतात. बहिणी भांडल्याचं त्यामानानं फार कमी सापडतं. त्या गोतसभेत बसत नव्हत्या, आणि महजराच्या तळाशी त्यांची निशाणी कुठली असती तेही ठरलेलं नव्हतं.

मी बाबांशी बोललो. ते चिडले नाहीत. गप्प बसले आणि म्हणाले, “तिनं मागितलं कुठंय?” मी म्हटलं, “आपण विचारलं कुठंय?” त्या रात्री आमच्यात एवढंच बोलणं झालं. वाटणीचं काम सध्या थांबलंय. कुणी कोर्टात गेलेलं नाही. दोन चुलते माझ्यावर नाराज आहेत, आणि ‘शहरात शिकून पोरगं भावकी फोडायला निघालं’ असं एकानं म्हटल्याचं कानावर आलंय. पुढे काय होईल मला खरंच माहीत नाही. झालं की सांगेन.

मानलेली नाती

संपवण्याआधी एक गोष्ट. आपल्या भाषेत अजून एक क्रियापद आहे, ‘मानणं’. मानलेला भाऊ, मानलेली बहीण. वारीत अनोळखी माणूस अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणतो. वय बघत नाही, बाई-पुरुष बघत नाही, जात विचारत नाही. आनंद यादवांची १९७१ ची ‘गोतावळा’ कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना माहीत आहे, तिथल्या नारबाचा गोतावळा म्हणजे मळ्यातली जनावरं. ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर जातं, तसा त्याचा गोतावळा संपत जातो. रक्त नाही, वाटा नाही, सुतक नाही, तरी गोत.

म्हणजे या शब्दांना कुणी कुलूप लावलेलं नाही. गोत एका गोत्रापुरता होता तो गावापर्यंत पसरला. सोयरा झाडापर्यंत गेला. भाई हा शब्द बारभाईंनी राजकारणात नेला. आपल्या आधीच्या लोकांनी गरजेप्रमाणे हे शब्द मोठे केले, कधी लहानही केले. मग भावकी हा शब्द आपण किती मोठा करायचा, हे ठरवायला आपल्याला कुणी अडवलंय?

मी गेल्या महिन्यात त्या ग्रुपमध्ये आत्याला अ‍ॅड केलं. अ‍ॅडमिन मीच होतो, दोन सेकंदांचं काम. कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पहिला मेसेज आला, गुलाबाच्या फुलाचा गुड मॉर्निंग. त्याला तात्यांनी हात जोडल्याची इमोजी टाकली. तेच तात्या, ज्यांचं नातं कुणाला सांगता येत नाही. जमिनीवर अजून कुणी काही बोललेलं नाही.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. तुमच्या घरच्या ग्रुपची मेंबर लिस्ट उघडा. नंतर घरचा सात-बारा उघडा, आता ऑनलाइन दिसतो. दोन्ही यादींत कुणाचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही ते बघा. आणि मग त्या माणसाला एक फोन करा. मेसेज नको, फोन.

तुमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतात, मामा की काका, तेही नक्की कळवा. कोल्हापूर, विदर्भ, कोकण, खानदेश, प्रत्येक ठिकाणचं उत्तर मला हवंय. व्हॉइस नोट पाठवलीत तर उत्तमच.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, रामराम.